कंदील्याची अर्धी गोष्ट

वाघदरा वस्ती, ता. शेवगाव
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. राजेश्वरीस,

तुझ्या आजीचे मूठभर आशीर्वाद. मूठभर अशासाठी की सगळे एकदम दिले तर तू पुन्हा मागायला यायची नाहीस.

इकडे सगळी बरी आहेत. लिहिणारी तुझी सत्यशीला काकू. मी बोलते, ती लिहिते आणि मधेच थांबून म्हणते, "आत्याबाई, असं कुणी पत्रात लिहितं का?" मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते. लिहू दे म्हटलं. लेखिकेच्या घरी पत्र जायचंय, जरा इस्त्री करून गेलेलं बरं.

बाजरी घरात आली. ज्वारी गुडघ्याला लागली. शेळीला दोन पिल्लं झाली. त्यातलं बोकड थेट तुझ्या बापावर गेलंय, दिवसभर दारात उभं राहून मोठा विचार चाललाय असं दाखवतं. बिभीषणाचे, तुझ्या बापाचे, गुडघे आता बसले की उठत नाहीत. पण परवा वस्तीवरची मंडळी ऊसतोडीला निघाली, तेव्हा ट्रॅक्टरचा आवाज ऐकून कुणाचा हात न धरता उठला. श्रीगोंद्याकडे गेली सगळी. ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, पोरं, वर एक मोडकी खुर्ची. तुझा बाप धूळ बसेस्तोवर रस्त्यात उभा होता.

मलाही पंधरा दिवसांत नगरला जायचंय. किरकोळ काम आहे. पाटीवर अहिल्यानगर झालं, पण एसटीचा कंडक्टर अजून नगर, नगर म्हणूनच कोकलतो. ते जाऊ दे.

तू फोनवर विचारलंस, "आजी, कंदील्याच्या गोष्टीचा शेवट काय होता गं?" मला खोकला आला आणि फोन बंद पडला. खोकला खरा होता. फोन मी बंद केला.

आधी तुझ्या पुस्तकांचं बोलू. तिन्ही पुस्तकं सत्यशीलेनं मला वाचून दाखवली, आता दुसऱ्यांदा चाललंय. तू डी.एड. होऊन कारखान्यावरच्या साखरशाळेत ऊसतोडीच्या पोरांना शिकवायला गेलीस, आणि पोरं ऐकेनात म्हणून पाढ्यांच्या जागी माझा कंदील्या बैल सांगितलास. पुढे तो दिवाळी अंकात छापून आला, मग पुस्तकात, आणि तू पुण्यात. चांगलं झालं. पण पुस्तकाच्या पाठीमागे तू हनुवटीला हात लावून बसलीयस तो फोटो कुणी काढला? दाढ दुखतेय असं वाटतं. पुढच्या पुस्तकाला हात खाली घे.

बैलाला शिंगांच्या जागी दोन कंदील, हे माझं. उसाच्या आतली पाचटनगरी, माझी. माणसांच्या सावल्या तोडून त्यांच्या मोळ्या बांधणारा मुकादम, तोही माझाच, त्याचं नाक मी आमच्या खऱ्या मुकादमावरून घेतलं होतं. पण सावली गेली की माणूस घरची वाट विसरतो, हे तुझं. आणि कोंभी तुझी. उसात शिरून आईला शोधणारी एवढीशी पोरगी मी कधी सांगितली नव्हती. काकूनं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी म्हटलं, थांब जरा, चुलीवरचं बघून येते. चुलीवर काही नव्हतं.

शेवगावच्या कार्यक्रमाची आठवण आहे ना? तू टेबलाशी बसून पुस्तकांवर सह्या करत होतीस आणि मला शेजारी देवीसारखं बसवलं होतंस. एक दोन वेण्यांची पोरगी माझ्यापाशी आली.

"आजी, तुमी कंदील्या पाह्यलाय का?"

"व्हय तर. त्याच्या शिंगात घासलेट मीच घालायचे."

"मग आता कुठंय?"

"उसाच्या त्या कडंला."

"कोंभीच्या आईला आनायला गेलाय? येईल ना ती? माझी आई पन कारखान्यावर गेलीय."

मी म्हटलं, "तुझी गुढीपाडव्याला येईल. कोंभीच्या आईचं मला ठाऊक न्हाई बाई."

तुझा पेन तिथंच थांबला होता. मी बघितलं. बघितलं नाही असं दाखवलं.

आता तुझे प्रकाशक म्हणतात, चौथ्या पुस्तकात कोंभीची आई घरी आलीच पाहिजे, पोरांची पत्रं येतात. तुला ते लिहवत नाही, आणि आणलं नाही तर पोरं रडतील याची भीती. म्हणून दिवाळीलाही आली नाहीस. "शेवट झाला की येते," म्हणालीस. मग मला शेवट विचारलास, जणू मी तो फडताळात ठेवलाय.

राजे, शेवट नव्हताच. कुठून असणार?

तुला वस्तीची रीत माहीत आहे, तरी सांगते, तुझी काकू शेवगावच्या बाजारपेठेत वाढली, तिला नवीन आहे. टोळी निघायच्या आदल्या संध्याकाळी जाणारे सगळे आमच्या अंगणात बसायचे. मागं राहणारं म्हातारं माणूस त्यांना गोष्ट सांगायचं, पण अर्धीच. अगदी अडचणीच्या जागी तोडायची. राहिलेली अर्धी पाडव्याला, परत आल्यावर, जेवणाच्या आधी. म्हणजे माणसाला तिकडे कोपीत, पाचटाच्या झोपडीत, पडल्या पडल्या वाटावं की अरे, त्या बैलाचं पुढं काय झालं, घरी जाऊन ऐकलं पाहिजे. माझी सासू सांगायची, तिच्यानंतर मी. आणि मी फार वाईट जागी तोडायचे, म्हणून माझी कीर्ती होती.

तुझी आई, बनू, त्या शेवटच्या साली सगळ्यात पुढं बसली होती. तू तिच्या मांडीवर. बैलाचा एक कंदील विझला, समोर मुकादम, तिथं मी थांबले. बनू म्हणाली, "आत्या, एवढं तरी सांगा, दुसरा कंदील विझतो का न्हाई?" मी म्हटलं, "पाडव्याला ये, मग सांगते." ती म्हणाली, "लई छळता तुमी," आणि हसली. लई हसायची ती.

मग तिकडे पाचटात तिला पान लागलं. आपल्यात साप म्हणत नाहीत. तू पुस्तकातही कुठं साप आणला नाहीस, हे माझ्या ध्यानात आहे.

पाडव्याला बाकीचे आले. बिभीषण एकटा आला. कुणी गोष्ट मागितली नाही. तूच माझा पदर ओढून म्हणालीस, "आजी, बा आला ना, आता पुरी कर." मी म्हटलं, "अजून एक माणूस यायचंय." आणि रोज थोडी थोडी गोष्ट पुढं वाढवत गेले. तू मोठी झालीस, तुला सगळं कळलं, तरी रोज विचारायचीस, मग पुढं काय. मीही सांगायचे. त्यातून तू लेखिका झालीस. आता त्या गोष्टीला मी शेवट कुठून देऊ? तो बनूच्या वाट्याचा होता.

कोंभीच्या आईला आणायचं की नाही, हे तू ठरव. मला एवढंच कळतं की त्या वेण्यांच्या पोरीसारख्या पोरी पुस्तक वाचणार, आणि त्यातल्या एखादीचा बा पाडव्याला एकटा येणार. तिनंही शेवटचं पान वाचावं आणि पुस्तक फेकून देऊ नये, असं काहीतरी लिही. ते तुला जमेल. तू तशीच पोरगी होतीस आणि जेवत होतीस, खेळत होतीस, माझ्या डोक्यातले पांढरे केस उपटत होतीस.

आता नगरचं. काकू मघापासून माझ्याकडे बघतेय, ती लिहायची थांबली होती.

माझ्या काळजातली एक झडप नीट मिटत नाही. चार पावलं चालले की दम लागतो, म्हणून फोनवर फार बोलत नाही, तुला ऐकू आलं असतं. पंचवीस तारखेला, मंगळवारी, छाती उघडून नवी झडप बसवणार आहेत. डॉक्टर तुझ्याएवढाच आहे. म्हणाला, "आजी, जनावराच्या कातडीपासून केलेली असते." मी विचारलं, "कोन जनावर?" म्हणाला, "गाय-बैल." मी म्हटलं, "नीट सांग, गाय का बैल?" त्याला माहीत नव्हतं. एवढं शिकून! बैलच असणार म्हणा. कंदील्यानं दिली असंल. असलं काही तुझ्या तिन्ही पुस्तकांत नाही, बघ.

तो म्हणाला, या वयात धोका असतो, घरच्यांना सांगून ठेवा. बिभीषणाला सांगितलं, तो बोकडासारखा उभा राहिला. म्हणून तुला सांगते.

आजवर मी राहणारी होते, सांगायचं काम माझं होतं. या खेपेला जाणारी मी आहे. मग गोष्ट कुणी सांगायची? तू म्हणशील, आईच्या वेळी रीत चालली नाही. नाही चालली. पण इतक्या वर्षांत ती एकदाच चुकली, आपली शेवगावची एसटी त्याहून जास्त चुकते, तरी आपण फाट्यावर उभं राहतोच की.

तर सोमवारी, चोवीसला, संध्याकाळी ये. अंगणात बस. शेवट लिहून झाला नसला तर उत्तमच, झाला असला तर पुण्यात ठेवून ये. मला चौथं पुस्तक सांग, आणि वाईट जागी तोड. मी कितीही म्हटलं, एवढं तरी सांग, तरी सांगू नकोस. मी तुला लई छळते म्हणेन, त्याला भुलू नकोस.

पुढचं मला घरी येऊन ऐकायचंय.

अंगणात पुढं बसून राहिलेली,
तुझी आजी
रंगुबाई
(अंगठा माझा आहे. शाईला काकूचं बोट लागलंय, तेवढं सोडून दे.)