स्टिकरचं केळं

६ मे
दिपमालाने केळी विकत आणली. आमच्या घरात! मागच्या दारापासून केळीची बाग सुरू होते, आणि ही माझी सून जळगावच्या काचेच्या दारांच्या मोठ्या दुकानातून स्टिकर लावलेली सहा केळी घेऊन आली. स्टिकर सोलून फ्रिजला चिकटवले. ती शिकली त्या धुळ्याच्या कॉलेजात हेच शिकवत असतील.

युवराजने, माझ्या नातवाने, हा फोन दिलाय — आपण बोलायचं, फोन लिहून घेतो. उघडतो फक्त माझ्या अंगठ्याने. जन्मभर अंगठाच लावला, शेवटी कामी आला.

७ मे
ती केळी पलीकडे मंजुळासाठी. मंजुळा माझी धाकटी जाऊ. तोंडात कॅन्सरची गाठ निघाली, जळगावच्या दवाखान्यात मशीनचे शेक देताहेत, रेडिएशन म्हणतात ते. चावता येत नाही. आणखी किलोभर घटली तर शेक थांबवावे लागतील, म्हणाले डॉक्टर. म्हणून स्मूदी! दिपमालाने फोनमध्ये बघून केली — केळं, अननस, स्ट्रॉबेरी, वर लिंबू, भरपूर बर्फ. म्हशीपुढे ठेवली असती तर तिनेही तोंड फिरवलं असतं.

बावीस वर्षांपूर्वी, वाटणीच्या वेळी, मंजुळा चारचौघांत म्हणाली होती, "हिच्या हातचं माझ्या घशाखाली उतरत नाही." तेव्हापासून बोलणं बंद. आता कोणाच्याच हातचं उतरत नाही. घ्या!

८ मे
ग्लास भरलेला परत आला.

९ मे
आजही परत. दिपमाला म्हणते, काकूंना चव नाही. मंजुळाचा कुंदन म्हणतो, आई हट्टी आहे. बँकेत साहेब आहे तो!

मी कुंपणावरून पाहिलं. एक घोट घेतला तिने, गाल धरला, डोळ्यांतून पाणी. तोंड आतून सोललेलं, त्यात अननस आणि लिंबू ओततात. दुखतं का, एवढं विचारायला कोणतं कॉलेज लागतं?

मला काय करायचंय. पण बागेतून कच्च्या केळ्यांची एक फणी काढून आणली, पोत्यात गुंडाळून कोठीत ठेवली. घरी खायला.

१३ मे
फणी पिकली — औषध नाही, पावडर नाही. दिपमाला बाजारात गेल्यावर मिक्सर काढला. तीन बटणं, त्याचं केवढं कौतुक! उकळून निववलेलं दूध, दोन केळी, भिजवलेला खजूर, भाजून टरफलं पाखडलेले मूठभर शेंगदाणे. फडक्यातून गाळलं. बर्फ नाही, आंबट नाही. कुंदनला सांगितलं, दिपमालाने केलंय.

ग्लास रिकामा आला. चाटून पुसून.

संध्याकाळी कुंदन दिपमालाचे आभार मानून गेला. ती क्षणभर गोंधळली, मग म्हणाली, "जरा वेगळी रेसिपी केली आज." मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

१६ मे
चौथा दिवस. रोज दोनदा. करते मी, मिरवते ती. मंजुळालाही काही कळलेलं दिसत नाही. तिला कधी काय कळलंय?

१८ मे
वजन घटलं नाही. उरलेले शेक देणार. सोमवारपासून तिथेच भरती, आणि सोबत बाईमाणूस हवं. कुंदनने विचारलं कोण हवं, मावशी की दिपमाला? मंजुळाने दोघींनाही नको म्हणून मान हलवली. मग महिन्याभरात पहिला शब्द काढला, म्हणे. "अक्का."

कुंदन दारात उभा राहून विचारत होता, "अक्का म्हणजे तूच ना, मोठी माय?"

दोन लुगडी पिशवीत घातली. सोमवारी गाडी साडेसातला.