मला खाटेला बांधू नये, याबाबत

मी, नथ्थू वल्द मुखरू भानारकर, धंदा धानगिरणी, राहणार वडसा, जिल्हा चांदा, आज डोके ताब्यात असताना, कोणाच्या दाबाखाली न येता, माझ्या माघारी काय व्हावे ते लिहून ठेवतो. ‘आज’ हा शब्द वकीलसाहेबांनी खोडायला सांगितला, मी ठेवला. मागे एकदा मी गिरणीसमोर उभा राहून मिस्त्री इस्तारीला विचारले, “गिरणी कोनाची हो?” तो म्हणाला, “मालक, तुमचीच.” मी म्हणालो, “बरी चालते.” मी हसलो, तो हसला नाही. म्हणून ही घाई.

१. गिरणी मुलगा खुशाल याला. पट्टा सैल झाला की ती कण्हते. ते खुशालला ऐकू येत नाही, सबब इस्तारीला कामावरून काढू नये.

२. राहते घर खुशाल व सून कुंता या दोघांच्या नावे. तळ्याखालची धानाच्या शेताची बांधी मुलगी रंभा हिला. माझ्या बापाचे मासोळ्यांचे जाळे चुलतभाऊ गुणवंतराव मागतो, देऊ नये. मी गिरणी घातली तेव्हा तो भर बाजारात बोलला, “मासोळ्यावाल्याचं पोट्टं शेठ बनून राह्यलं!” मी चार दुकाने पलीकडे होतो.

३. माझी थोरली बहीण भागीरथाबाई शेवटी आमच्याकडे होती. तिला माणसे ओळखू येईनात आणि दुपार झाली की ती तळ्याकडे निघे. मी बाहेरगावी असताना घरच्यांनी तिला लुगड्याच्या पट्टीने खाटेला बांधले. परत आलो तो अंगणातच खाट घासत ओढल्याचा आवाज ऐकला. गाठ सोडू लागलो तर कुंता रडायला लागली.

“मामाजी, बाई तळ्यात पडली तं लोक मलेच म्हनतीन ना, सुनेनं ढकललं!”

तिचे खोटे नव्हते. पण बाई जाते कुठे, हे मला पाहायचे होते. तिला मोकळे केले आणि मागे मागे गेलो. ती तळ्याच्या पाळीवर कान देऊन उभी राहिली. तेवढ्यात शेजारी सोमाजीच्या घरी कोणी उखळात मिरच्या कांडू लागले आणि बाई गर्रकन वळली.

“काऊन वळली, बाई?”

“घरी कांडन पडलं हाये. तुले का समजते?”

आणि सरळ घरी आली. पुढे कुंता रोज मूठभर कोंडा उखळात घालून मुसळ हाणायची. बाई असेल तिथून परत यायची. गावचे कांडण माझ्या गिरणीने बंद पाडले, हे मला धंद्यात माहीत होते. कानाने त्या दिवशी कळले.

४. मला कोणता आवाज परत आणील, ठाऊक नाही, आणि जाणून घ्यायची फार इच्छा आहे. खुशाल म्हणतो, गिरणीचा. मला वाटत नाही. घरच्यांनी नाना आवाज करून पाहावे. कशानेच वळलो नाही, तर एकाने सोबत चालावे, आणि मी कुठे जातो ते नीट पाहावे.

५. जो मला बांधील त्याचा वाटा रद्द होऊन रंभाला जाईल; तिने बांधले तर खुशालला. वकीलसाहेब म्हणाले, “मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, नथ्थूजी.” मी म्हणालो, “साहेब, पन वाचतीन तं आधीच ना!” बांधले की नाही, हे सोमाजीने सांगावे. आमची भिंत एक आहे.

६. खुशालने एवढे वाचून विचारले, “अन् बाबा, बुडाले तं?” प्रश्न रास्त आहे. सबब लिहितो की, मोकळा फिरताना मी बुडालो, रानात हरवलो किंवा रेल्वेखाली आलो, तर दोष कोणाचाही नाही. सुनेचा तर मुळीच नाही. हे कलम माझ्या तेरवीला, पाने वाढून झाल्यावर, पहिला घास उचलण्याआधी, सगळ्या पंगतीला मोठ्याने वाचून दाखवावे. कुंता तेव्हा चुलीपाशी असेल. तिला बाहेर बोलावून, उभी करून वाचावे.

वाचून घेतले, बरोबर आहे.

सही : नथ्थू मुखरू भानारकर
साक्षीदार : सोमाजी, शेजारी (डाव्या अंगठ्याची निशाणी)
साक्षीदार : इस्तारी, मिस्त्री (सही)

मुक्काम वडसा, ता. १४ फेब्रुवारी १९५७