दगडी पाल्याचा अर्क

आखाडा बाळापूर,
२४ नोव्हेंबर २००४

प्रिय भीमराजदादा,
सप्रेम जयभीम.

तू युनिटवर सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. इकडे कापसाची पहिली वेचणी झाली. शेळी व्याली. बाबा दोन वेळा जेवतात, बोलत मात्र नाहीत.

आईचा पाय कापायला उशीर केला म्हणून डॉक्टरांविरुद्ध अर्ज देणार, असं तू लिहिलंस. तीन दिवस उत्तर लिहून फाडते आहे.

दादा, उशीर त्यांनी केला नाही. आईच्या पायातले जंतू कुठल्याच अँटिबायोटिकला दाद देत नव्हते. त्यात तिची साखर. रिपोर्ट आला त्याच दिवशी ते म्हणाले, "आत्ता घोट्यापासून काढू, नंतर उपयोग नाही." बाबांनी माझ्यावर सोपवलं. मी नको म्हणाले.

माझं एम.एस्सी.चं काम तुला माहीत आहे. आईचाच पू मी नांदेडला कॉलेजात नेला, काचेच्या बशीत जंतू वाढवले, आपण खरचटल्यावर चोळतो त्या दगडी पाल्याचा अर्क टाकला. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती एक जंतू उरला नव्हता. मला रडू आलं आनंदानं. सर म्हणाले, "करुणा, बशी वेगळी, माणूस वेगळा." मी ऐकलं नाही.

आई म्हणाली, "तू म्हनतीस तं थांबू. पाय गेल्यावर निंदायला कोन जाईल?"

बारा दिवस अर्कानं जखम धुतली. वरून लाल, स्वच्छ दिसायची. आत हाड सडत होतं. तेराव्या दिवशी हुडहुडी भरली. मग मांडीतून पाय काढला, पण विष रक्तात गेलं होतं.

तू आलास तेव्हा सगळं उरकलं होतं. तू डॉक्टरांची कॉलर धरलीस. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गप्प राहिले. मीही गप्प राहिले.

शुद्धीवर होती तोवर आई म्हणत होती, "भीमाला सांगू नको, तुझ्यावर चिडंल." तिचं ऐकते आहे, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर भ्याले.

दवाखान्यात आईच्या शेजारच्या खाटेवरच्या जिवनबाईच्या जखमेतही तेच जंतू निघालेत. परवा तिची लेक घरी आली. "ताई, तुमच्याकडं पाल्याचं औषध हाय म्हनं?" मी नाही म्हणाले. डॉक्टरांकडेही तिच्यासाठी काही उरलेलं नाही. ती बराच वेळ ओट्यावर बसून राहिली.

अर्ज देऊ नकोस. द्यायचाच असेल तर त्यात माझं नाव घाल. आणि रजा मिळाली तर बाबांसाठी ये. माझ्याशी बोललंच पाहिजेस असं नाही.

तू अजून म्हणत असशील तर, तुझी बहीण,
करुणा