वळणावरची खालची बाजू

तीर्थरूप मामीस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वेळेवर जेवतेस ना, की नुसत्या चहावर भागवतेस? (खरं तर तुला काही विचारायला मला तोंड नाही. पण पत्राची सुरुवात नीट केली नाही की मामा रागवायचा, म्हणून विचारतो.) पुढे 'मी मजेत आहे' असं लिहिणार होतो, पण हात उचलेना.

मामाला न्यायच्या वेळी मी का आलो नाही, ते सांगतो. ऐकून तू कपाळावर हात मारशील. मार बापडी. गाडी चुकली, ताप आला, असलं काही नव्हतं. मला जायला मिळत होतं, मामी. मीच गेलो नाही.

सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी आमच्या धुलाईच्या कारखान्यात होतो. चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन वकिलाच्या. (वकील म्हणजे घड्या घालायला माझा जोडीदार. कायद्याचं काही शिकलेला नाही; जेवणाच्या सुट्टीत भिंतीवरचे नियम मोठ्याने वाचतो, म्हणून हे नाव.) आता नियम असा, की मयतासाठी रजा फक्त आईवडील, नवराबायको नाहीतर मुलं गेली तरच. मामा त्यात बसत नाही. पण आमचे साहेब माणूस बरे. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "निघ तू. मी सांभाळून घेतो. फक्त बोलू नकोस कुणाला." मी चपला घातल्या. तेवढ्यात वकील आडवा आला.

"ही मेहेरबानी झाली," तो म्हणाला. "मामाला पोचवायला चोरासारखा जाणार? हक्काने जा!"

आणि मला ते पटलं गं! ज्याने मला लहानाचं मोठं केलं तो यांच्या लेखी कोणीच नाही, या रागाने माझं डोकं फिरलं होतं. चपला काढल्या आणि अख्खं खातं घेऊन वरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मोठ्या बाईंसमोर मामा जवळचा की लांबचा यावर जी चर्चा सुरू झाली, ती संपेचना. मामा धरला तर काका का नको? इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, माझा सोडलेला नवरा पण धरा, तो गेला की मला रजा लागणारच, आनंदाने का होईना. गाडीवाल्याला सासूसाठी हवी होती, आणि ती आगाऊ मिळेल का, असंही त्याने विचारलं. सगळे हसले. मीही हसलो, मामी. तुम्ही तिकडे माझ्यासाठी खोळंबला होता आणि मी इकडे दात काढत होतो.

शेवटी बाईंनी मान्य केलं. ज्याने सांभाळून वाढवलं, तो आईवडिलांच्या जागी. टाळ्या काय, मिठ्या काय! दोघातिघांनी तर मला उचलूनच घेतलं. मी वर असतानाच तुझा दुसरा फोन आला, की सगळं पार पडलं, जिवाला लावून घेऊ नकोस.

तुला ठाऊक आहेच, शाळेला सुट्टी लागली की मामा मला त्याच्याबरोबर सामान हलवायला न्यायचा. जिन्याच्या वळणावर सगळं ओझं खालच्या माणसावर येतं, ती बाजू परक्याला देऊ नये, असं सांगायचा. आपल्या अरुंद जिन्याला शिव्या घालत म्हणायचा, "मला नेशील तेव्हा वळणावर खालून तू धर. बाकीची गाढवं भिंतीला आपटतील मला." मी हो म्हटलं होतं. हसत हसत म्हटलं होतं, पण म्हटलं होतं. मला फार वाईट वाटतंय, मामी.

तब्येतीला जप.

तुझा,
मामाने नेमलेला हमाल

ता. क. नवा नियम भिंतीवर लागला. सगळे त्याला 'मामाची रजा' म्हणतात. वकील मात्र तो वाचत नाही. डब्यातलं निम्मं माझ्यापुढे सरकवतो आणि खाली बघून जेवतो. त्याला शिव्या देऊ नकोस, चपला मीच काढल्या होत्या.

आणखी एक. वरचं सगळं राहू दे, पत्र लिहिलं ते एवढ्याचसाठी. माझ्या जागी खालून कुणी धरलं होतं? आणि खरं सांग, वळणावर त्याला कुठे लागलं तर नाही ना? भिंतीचा पोपडा उडाला असेल तर घरमालकाला बुजवू देऊ नकोस. मी रविवारी येतोय. तेवढं तरी मला करू दे.