मराठीचं सोंग

चि. छकुलीस,
दादाचे आशीर्वाद, न मागता.

पाटीवर पेन्सिल कर्र वाजली की अंगावर काटा यायचा, आठवतं? अगदी आत्तापर्यंत संगणक उघडताना तसंच व्हायचं. जाहिराती काय, पासवर्ड काय, अर्ध्या ओळीवर 'थांबा, अपडेट होतंय' काय! शेवटी संगणकच म्हणाला, यंत्र जुनं झालं, नवं घ्या. म्हटलं, तूच नीघ. वाचनालयातल्या बाईंनी आतली जुनी प्रणाली काढून लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घालून दिली. आता निमूट चालतो.

पण तू फोनवर आठवून आठवून सांगितलेल्या आणि मी संगणकावर टाइप केलेल्या शाळेतल्या त्रेसष्ट कविता उघडल्या, तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं! बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमचा जुना फॉन्ट गेला. त्यात मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांनी घेतलेलं मराठीचं सोंग होतं ते."

शिसारी आली गं. आठ वर्षं त्या सोंगाला मी मायबोली समजत होतो!

मला निम्म्याही कविता येत नाहीत. तुला येतात ना? परवा फोनवर तू दोनदा विचारलंस, "कोण बोलतंय?" लाइन खराब असेल. गोळ्या वेळेवर घेतेस ना? माझं जेवणखाण ठीक आहे.

थांब, बेल वाजली.

दारात तुझी लेक! म्हणते, "मामा, आई हट्टाने आलीय. खाली जिन्यात दम खातेय. तुमचं नाव विसरते, पण गाडीत तासभर कविता म्हणत होती. एक ओळ चुकली नाही."

पत्र राहू दे. कागदाची मागची बाजू कोरी आहे. पेन घेऊन खाली येतो.

तुझा दादा