करोडगिरी नाक्याची खिडकी

प्रिय ऐश्वर्या,

रविवारी दवाखान्यातल्या मैत्रिणींना घेऊन कळमनुरीला येतेस, 'राणीची खिडकी' खरंच बघण्यासारखी आहे का, असं तू विचारलंस. त्यावर 'जरूर या' आणि लाल बदाम आले ना, ते आमच्या ह्यांनी, रामप्रसादनी पाठवले. माझा फोन आता त्यांच्याच खिशात असतो. तुझ्या दवाखान्यात माझ्यासाठी नर्सची जागा धरलीस, सोमवारी रुजू हो म्हणालीस, त्याला 'दिवाळीनंतर बघू' हे उत्तरही त्यांचंच. माझं न्हाई गं, आईशप्पथ! सोमवार चुकला की जागा गेली, हे काय मला कळत न्हाई? म्हणून हा कागद लिहून राहिले.

तू विचारलंस म्हणून खरं सांगते. इमारत वाईट न्हाई. निजामाच्या काळातला करोडगिरी नाका, म्हणजे जकात वसूल करायची जागा. काळा दगड, वर सागवानी माडी, भर मे महिन्यात खालची खोली गार. यावं, भिंतीला हात लावून बघावं. पण राणी? कुठली राणी नि कुठलं काय! त्या खिडकीत बसून कारकून आमच्या लमाणांच्या बैलांवरची मिठाची पोती मोजायचा, आणि आमचे लोक खाली उन्हात ताटकळायचे. पुढं ह्यांच्या आजोबांनी हीच इमारत लिलावात घेतली. मला तर याचंच लई कौतुक वाटतं. एकदा एका पाहुणीला हौसेनं सगळं सांगितलं, तर म्हणते, ते राहू द्या, राणीचं सांगा ना.

आणि राणी कोण, तर मी! गेल्या तीजेच्या सणाला सासूबाईंची जुनी फेटिया-कांचळी, म्हणजे आमची लमाणी घागरा-चोळी, घालून मी माडीवर केस वाळवत उभी होते. रस्त्यानं जाणाऱ्या एका पोरीनं खालून रील काढली, त्याला रडकं गाणं लावलं आणि खाली लिहिलं, प्रियकराची वाट पाहणारी लमाणी राणी. माझ्या दंडावर चुडा होता. लग्न झालेल्या बाईचा चुडा आमच्या तांड्यात लेकरालाही ओळखता येतो. बाहेरच्यांना काय त्याचं! ज्याची वाट बघते म्हणून लोक उसासे टाकतात, तो खाली कमानीत चहा विकून राहिला. आधी मलाही हसूच आलं होतं. दोन-चार दिवस लोक येतील नि विसरतील, असं वाटलं.

न्हाई विसरले. आता सकाळी आंघोळ झाली की तो घेर अंगावर चढवायचा आणि खिडकीत जाऊन उभं राहायचं. हे खालून खुणा करतात, जरा डावीकडं बघ, जरा उदास हो. अगं, उदास व्हायला मला सांगावं लागतं का? सासूबाई भांड्याला हात लावू देत न्हाईत, हात खराब दिसतील म्हणून. ताटात गरम भाकरी वाढतात, माझ्या केसांना तेल लावतात. कोणी वाकडा शब्द बोलत न्हाई. भांडायचं तर कशावरून भांडू? आईकडं चार दिवस जाऊन येते म्हटलं, तर सासरे गोडीनं म्हणाले, बाई, लोक लांबून येऊन राहिले, त्यांना काय नुसती खिडकी दाखवू? नोकरीचं काढलं, तर सासूबाईंनी ताटात अजून एक गरम भाकरी वाढली. इंजेक्शन द्यायला शिकलेला हात खिडकीच्या गजावर ठेवून मी दिवसभर उभी असते. जीव गुदमरतो गं ऐश्वर्या. कधी कधी वाटतं, त्या कारकुनाला तरी संध्याकाळी सुट्टी होत असेल.

म्हणून सांगते, रविवारी नक्की ये. बांगड्या भरणारी पद्माबाई माल आणायला तुमच्या नांदेडला चालली, तिच्याजवळ हे पत्र देते. तिलाच सांग हो का न्हाई ते, फोनवर काही लिहू नको. गर्दी भरली की तू कमानीसमोर उभी राहून लाइव्ह सुरू कर. आमचे सासरे चारचौघांत कधी आवाज चढवत न्हाईत, कॅमेऱ्यापुढं तर ह्यांचंही तोंड हसरंच असतं. माडीच्या जिन्यानं मी साध्या साडीत, पिशवी घेऊन खाली येईन. सगळ्यांच्या समोर सासऱ्यांच्या पाया पडेन आणि मोठ्यानं सांगेन, नोकरीला चालले, आशीर्वाद द्या. इतकी माणसं बघत असताना ते डोक्यावर हात ठेवतील, दुसरं काय करतील? तेवढं होऊन मी तुमच्या गाडीत बसेपर्यंत फोन खाली घेऊ नको.

तुझीच,
पुजा