ओळीबाहेरची धायटी

९ जुलै
अखेर जिंतूरच्या टेकडीवर धायटीची चाळीस रोपं लावली. दीड वर्ष प्रयोगशाळेच्या बाटल्यांत वाढवलेली, आज उघड्यावर. ज्याच्या फांदीपासून झाली ते झुडूप मागच्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कामात गेलं. इथलं शेवटचं.  प्रयोगशाळेचे सर म्हणाले, रानात ओळी नसतात, म्हणून विखरून लावली. राखणीला वस्तीवरच्या सरूमावशी.

२६ जुलै
उद्या सर पाहुणे आणणार, म्हणून मावशींना फोन केला होता, जरा साफ ठेवा. चूक तिथंच. आज पोचले तर टेकडी अंगणासारखी स्वच्छ. कडेला उपटलेल्या धायट्यांचा ढीग. वाळून गेलेल्या. शेजारी मावशी, शाबासकीची वाट बघत.
"चार बाया लावल्या, ताई. एक काडी ठिवली न्हाई. समदं वळीच्या भाईरच व्हतं."
ओळीत नाही ते तण. मावशींनी जन्मभर तशीच खुरपणी केलेली, आणि रोप कसं दिसतं ते मी दाखवलंच नव्हतं. मी ओरडले. फार ओरडले. मावशी ढिगातली वाळकी रोपं उचलून बघायला लागल्या, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

२७ जुलै
पाहुणे रद्द. सर : "आता पुढच्या पावसाळ्यात बघू."
ग्रीनहाऊसमध्ये पिशव्यांत एकोणीस रोपं उरलीत. बाटल्या सहा, दोनवर बुरशी. बस्स. वर्षभर पिशवीत ठेवली तर मुळं गुंडाळून जातील. याच पावसात लावणार, सरांना तोंडावर सांगितलं. ते चिडले. चिडू देत.

११ ऑगस्ट
एकोणीस लावली. ओळीत! मावशींनीच सुतळी ताणली, खुंट्या ठोकल्या. माझ्याशी बोलल्या मात्र नाहीत.

२ सप्टें.
गवत गुडघाभर, धायट्या गुदमरतायत. मावशी खुरपं धरेनात.
"न्हाई बाई. माझा हात बदनाम झालाय."
शेवटी मीच बसले, आणि पहिल्याच फटक्यात एक धायटी अर्धी कापली. मावशी कडाडल्या, "व्हा बाजूला! असं धरत्यात व्हय खुरपं?"
बसल्या एकदाच्या. जीव भांड्यात पडला.

३ सप्टें.
उरलेली खुरपणी, मावशी नि मी. सतरा तगल्यात. कापलेली धरून.
दुपारी त्यांचं खुरपं थांबलं. दोन ओळींच्या मधे बोटभर कोंब. जुलैत उपटलेल्या धायटीचं एखादं मूळ राहिलं असेल? की नुसतं तण? इतकी वर्षं हे काम करतेय, तरी छातीठोक सांगता येईना.
"ह्ये वळीत न्हाई, ताई. काढू?"
"राहू द्या."
"आन् तण निघालं मंग?"
"निघू दे."
त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, खुरपं कोंबाला वळसा घालून नेलं आणि त्या पुढं सरकल्या.